लाल फुलीची रॅम

"टीं... टीं... टीं..." लॅपटॉप तीनदा कळवळला आणि पडदा काळाच्या काळा राहिला.

"हाच तो आवाज," बाई दारातूनच म्हणाल्या. आत यायला काही तयार नव्हत्या. "मी आपली लांबच बरी. माझा हात लागायचा आणि आणखी काहीतरी व्हायचं."

घराच्या पुढच्या खोलीत अण्णांचं दुरुस्तीचं दुकान. गल्लीतले बंद पडलेले लॅपटॉप तिथे यायचे आणि धडधाकट होऊन जायचे. बायकोचा, म्हणजे बाईंचा, लॅपटॉप तेवढा वर्षभर कपाटात चादरींखाली पडून होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा! बाईंनी सुरुवातीला दोन-चारदा आठवण केली. "बघतो गं, घरचंच काम आहे, पळून जातंय का?" असं प्रत्येक वेळी ऐकल्यावर त्यांनी नाद सोडला.

आज सकाळी मात्र फोन आला. शाळेतून निवृत्त झाल्यावर बाई याच लॅपटॉपवरून रोज दुपारी पाच-सहा मुलांना गणित शिकवायच्या. त्यातल्या एका मुलीची आई बोलत होती. "बाई, परत सुरू करा ना क्लास. दुसरीकडे घातलं हो तिला, पण वही उघडली की रडायला लागते. तुमच्याकडे हसायची." बाईंनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. संध्याकाळी कळवते म्हणाल्या, आणि लॅपटॉप आणून अण्णांपुढे ठेवला. "जमलं तर बघा. नाही जमलं तरी माझी तक्रार नाही. बिघडवला मीच ना."

तीन बीप आणि पडदा बंद, म्हणजे या यंत्रात मेमरीचं दुखणं, हे अण्णांनी झोपेतही सांगितलं असतं. "काही विशेष नाही गं. रॅमच्या पट्टीवर मळ बसतो. खोडरबरने घासली की स्वारी ताळ्यावर येते." त्यांनी चार्जर काढला, खालचं झाकण उघडलं, बॅटरी सोडवली. क्लिपा सरकवून बोटभर लांबीची हिरवी पट्टी बाहेर काढली आणि खोडरबराकडे हात नेला. हात मध्येच थांबला.

पट्टीवर लाल मार्करची फुली होती.

निकामी रॅम चांगल्या मालात मिसळू नये म्हणून तिच्यावर फुली मारायची, ही अण्णांची जुनी सवय. एक पाय लांब असलेली ही फुली त्यांच्याच हातची होती.

मग एकेक आठवायला लागलं. तो फोटोग्राफर! "अण्णा, उद्या फोटो दिले नाहीत तर माझी अब्रू जाईल हो," म्हणून गयावया करत होता. त्याची रॅम गेली होती, दुकानात दुसरी नव्हती, बाजार बंद. अण्णांनी बायकोच्या लॅपटॉपमधली काढून त्याला बसवून दिली. दोन दिवसांचा तर प्रश्न! त्याची मेलेली पट्टी या रिकाम्या खाचेत खोचली, नवी आली की बदलू म्हणून. मुलांना सुट्टी लागलेली, लॅपटॉप कितीतरी दिवस कोणी उघडला नाही. तोवर अण्णा साफ विसरले.

आणि सुट्टी संपल्यावर बाई धावत दुकानात आल्या होत्या, "अहो, हा नुसता ओरडतोय!" अण्णांचं नेमकं एका गिऱ्हाइकाशी वाजलं होतं. ते त्या गिऱ्हाइकासमोर, सुनेसमोर कडाडले, "झाकण आपटलं असशील! शंभरदा सांगितलं हळू हाताने लाव. वर्गच्या वर्ग सांभाळलेस, एक यंत्र सांभाळता येत नाही?"

बाई तशाच आत गेल्या आणि त्यांनी कानाला खडा लावला. फोनसुद्धा सुनेने लावून दिला तर बोलायचं. वॉशिंग मशीन अडलं की कोणी विचारायच्या आधीच सांगायचं, "मी नाही हो हात लावला." सगळे हसायचे. अण्णा तर सगळ्यांत मोठ्याने हसायचे.

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशी देणारा चोरच! अण्णांना वाटलं, फुली पुसून टाकावी आणि मळ होता म्हणून मोकळं व्हावं. कोणाच्या बापाला कळणार होतं? त्यांनी खणातून चांगली रॅम काढली, बसवली, बॅटरी जोडून बटण दाबलं. पडदा उजळला.

"झाला?" बाई हरखून दोन पावलं आत आल्या. "सांगू का मग तिच्या आईला? पण रोज तुम्हीच लावून द्यायचा हं. मी पुन्हा घोळ घालायची."

"तू घोळ घातलाच नव्हतास," अण्णांच्या तोंडून निघून गेलं. मग फोटोग्राफर, सुट्टी, फुली, सगळंच निघालं. बाईंकडे बघायची हिंमत होईना. "करून ठेवलं मी, आणि खापर फोडलं तुझ्या डोक्यावर. चुकलं माझं."

बाईंनी ती पट्टी तळहातावर घेऊन पाहिली. "म्हणजे मी काहीच केलं नव्हतं?"

"काहीच नाही."

"झाकणसुद्धा आपटलं नव्हतं?"

"नाही गं."

"मला वाटलं, वय झालं, हात कामातून गेले," बाई म्हणाल्या. "पोरं किती फोन करत होती. मी सांगितलं, आता नाही जमत रे मला."

आवाज जराही चढला नाही. चढला असता तर अण्णांना बरं वाटलं असतं. तिने भांडावं, ती पट्टी तोंडावर फेकून मारावी, असं त्यांना फार वाटलं. त्या मुलीचं हसू, बाईंच्या दुपारी, आता कुठल्या बाजारातून आणून बसवायच्या होत्या?

बाईंनी सुनेकडून मुलीच्या आईला फोन लावून घेतला. "उद्या नको, आजच बसव तिला," एवढंच बोलल्या. अण्णांनी लॅपटॉप पुन्हा बंद केला, घाईघाईने खुर्ची पुसली, पुढे सरकवली. "बस. तुझ्या हाताने सुरू कर."

बाई बसल्या. हेडमास्तरांना भर सभेत "चूक तुमची आहे" असं सुनावणाऱ्या बाई. बोट बटणापर्यंत गेलं आणि वरच्या वर थांबलं.

"अहो," त्यांनी अण्णांकडे बघून हळूच विचारलं, "दाबू ना?"