चाळीस किलो जास्त

डिसेंबरात सिब्रेनला पक्षाघाताचा झटका आला, पण तसा लहानच. आठवड्याभरात तो चालायला लागला आणि बोलणं तर एक दिवसही बंद पडलं नाही, हे त्याची बायको वित्स्के शेजारणींना जरा जास्तच ठासून सांगायची. गेलं ते एवढंच, की नजरेतला डावीकडचा निम्मा भाग पुसला गेला. ताटात डावीकडे वाढलेलं तसंच राहायचं आणि वर हा विचारायचा, आज बटाटे नाहीत का? गाडी आता चालवायची नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आणि ते काही चार दिवसांपुरतं नव्हतं.

सिब्रेनने मुकाट्याने ऐकून घेतलं. घरी येऊन कोट काढता काढता म्हणाला, "मग कॅरव्हॅन विकून टाकू."

"विकायची कशाला? मी आहे की," वित्स्के म्हणाली. "मला येते ना गाडी चालवता."

"गाडी येते गं. कॅरव्हॅन ओढायचं लायसन्स कुठाय तुझ्याकडे?"

ते नव्हतं, हे खरं. सिब्रेनने तरुणपणीच मोठं लायसन्स काढून ठेवलं होतं, वित्स्केकडे आपलं साधं. दोघांत एक असलं म्हणजे झालं, असं तेव्हा कुणालाही वाटलं असतं. दर जूनमध्ये ती दोघं गाडीमागे ते चाकांवरचं घर जोडून उत्तरेकडच्या ड्रेन्थ प्रांतातल्या आपल्या गावातून निघायची आणि फ्रान्सच्या दक्षिणेला, द्रोम नदीच्या काठच्या कॅम्पवर, त्याच त्या झाडाखाली जाऊन उभी राहायची. चालवायचं सिब्रेनने, नकाशा वित्स्केने धरायचा. निघायच्या आधी न्हाणीघरातला वजनकाटा स्वयंपाकघरात यायचा आणि खुर्च्यांपासून शेंगदाण्याच्या लोण्याच्या बरण्यांपर्यंत सगळं सिब्रेन स्वतः तोलायचा. बटाट्याचं पोतंही घरूनच न्यायचा, कारण फ्रेंचांना बटाट्यातलं काही कळत नाही, असं त्याचं ठाम मत. वजनाच्या बाबतीत त्याचा शब्द म्हणजे घरातली काळ्या दगडावरची रेघ.

म्हणून जानेवारीत तो कागद घेऊन टेबलाशी बसला, तेव्हा वित्स्के मुकाट्याने समोर बसली.

"आपल्या गाडीच्या कागदावर किती? दोन हजार चाळीस. कॅरव्हॅनच्या कागदावर पंधराशे. कर बेरीज."

"साडेतीन हजार... आणि चाळीस."

"साध्या लायसन्सवर दोन्ही मिळून साडेतीन हजारच चालतात. चाळीस किलो जास्त. संपलं."

"एवढंच? मग चाळीस किलो सामान कमी नेऊ. तुझे बटाटे घरी ठेवले तरी निम्मं काम होईल."

"अगं, आत काय भरलंय ते इथे बघतच नाहीत! भरून जास्तीत जास्त किती वजन चालेल, तो कागदावरचा आकडा धरतात. तू रिकामी ओढलीस तरी ती पंधराशेचीच."

वित्स्केने तरी हात टेकले नाहीत. मोठ्या लायसन्सच्या परीक्षेची चौकशी केली, तर तारीख मिळत होती सप्टेंबरातली. "चौसष्टाव्या वर्षी परीक्षा!" सिब्रेन म्हणाला. "शेजारच्या हार्मच्या गायीसुद्धा हसतील." तिला ते लागलं. पण बेरीज काही चुकीची नव्हती आणि कायद्याशी भांडून कुणाचं भलं झालंय?

कॅरव्हॅनसाठी तिचा जीव एवढा तुटत होता, तो काही फ्रान्सच्या उन्हासाठी नव्हे. सिब्रेन सकाळी खिडकीशी बसायचा तो संध्याकाळी पडदे ओढायच्या वेळीच उठायचा. कुणी आलं की आजारी माणसाचं तोंड करायचा. कॅरव्हॅन गेली की हा त्या खुर्चीतून कधीच उठणार नाही, असं तिला आतून वाटत होतं आणि त्याची भीती तिला झटक्याहून जास्त वाटायची. हे तिने त्याला सांगितलं नव्हतं. आजारी माणसाला असलं कसं सांगायचं?

एप्रिलमध्ये जाहिरात दिली. शनिवारी सकाळी हार्मने कॅरव्हॅन ट्रॅक्टरला जोडून घरासमोर आणून उभी केली. हिवाळाभर ती त्याच्याच कोठारात असायची. वित्स्केने आतली कपाटं पुसली. पुसता पुसता रडून घेतलं, मग तोंड धुतलं आणि कॉफी ठेवायला घरात गेली.

घेणारं जोडपं तरुण होतं, नीक आणि इल्से. नीकने टायर दाबून पाहिले, छताखालचे कोपरे हुंगले, ओल आहे का म्हणून भिंतींवर बोटं वाजवली. आणि सिब्रेन? चार महिन्यांत कुणी पाहिला नसेल असा. काठी कुठेतरी टेकून ठेवलेली, हा आपला खाली वाकून ब्रेक दाखवतोय, हुकावर किती भार पडला पाहिजे ते समजावतोय. वित्स्के खिडकीतून बघत होती. विकायला तरी उठलास बाबा, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचाच राग आला.

ती ट्रे घेऊन बाहेर आली तेव्हा नीक डोकं खाजवत उभा होता.

"कॅरव्हॅन आवडली हो," तो म्हणत होता, "पण आम्हा दोघांकडे साधंच लायसन्स. आमची गाडी कागदावर एकवीसशेची. ही पंधराशेची. शंभर किलो जास्त होतात."

"हात्तिच्या, एवढंच ना?" सिब्रेन म्हणाला. गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून त्याला जोर चढला होता. "कागदावरचा आकडा खाली आणता येतो. नोंदणी कचेरीत कॅरव्हॅन न्यायची, अर्ज द्यायचा, पंधराशेची चौदाशे करून देतात. सकाळभराचं काम! कॅरव्हॅनला काही होत नाही. सामान तेवढं शंभर किलो कमी भरायचं."

ट्रे काही तिच्या हातून पडला नाही. वित्स्केने चौघांच्या कॉफ्या अंगणातल्या टेबलावर ठेवल्या, डबा उघडून प्रत्येकाला एकेक बिस्कीट दिलं आणि डब्याचं झाकण लावलं. मग नवऱ्याकडे वळून शांतपणे विचारलं, "पंधराशेची चौदाशे साठ पण करून देतात का रे?"

सिब्रेनचा कप तोंडाशी होता, तो तिथेच राहिला.

"देत असतील की," नीक भाबडेपणाने म्हणाला. इल्सेने टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला.

"वित्स्के, आपण नंतर बोलू."

"नंतर ती यांच्या दारात उभी असेल." ती पाहुण्यांकडे वळली. "माफ करा हं. तुम्हाला उगाच एवढ्या लांब यायला लावलं. कॅरव्हॅन विकायची नाहीये."

पोरं समजूतदार होती. कॉफी संपवेपर्यंत हवेबद्दल बोलली. वित्स्केने त्यांना दुसरं बिस्कीट दिलं, आमच्याकडे ते पाहुण्याला सहजी मिळत नाही. त्यांची गाडी वळणावर दिसेनाशी झाली तशी ती कॅरव्हॅनमध्ये चढली आणि आतल्या टेबलाशी जाऊन बसली. जरा वेळाने सिब्रेनही चढला. दारात डावा खांदा आपटून घेतला, पण ओरडला नाही.

"कधीपासून माहीत होतं तुला?"

"पहिल्यापासून."

"आणि मी मूर्खासारखी परीक्षेच्या तारखा शोधत बसले!"

"मी खोटं नाही बोललो. चाळीस किलो जास्त होतातच."

"पुढचं गिळलंस. ते काय पोटात राहावं म्हणून?"

सिब्रेन टेबलाची कड नखाने कोरायला लागला. मग म्हणाला, "आपण तिथे पोचलो की काय होतं, ठाऊक आहे ना? सगळे आपापल्या खुर्च्या फिरवून बसतात, कोण कॅरव्हॅन कशी मागे घेतोय ते बघायला. आजवर मी एका दमात घेत आलो. टाळ्या वाजवायची माणसं. आता तू मागेपुढे करत घाम गाळणार आणि मी?"

"तू काय?"

"मी शेजारच्या सीटवर. बटाट्याच्या पोत्यासारखा. तेही उजवीकडे. स्टिअरिंग डावीकडे, म्हणजे तू माझ्या डावीकडे. चालवताना तू मला दिसणारसुद्धा नाहीस. त्यापेक्षा घरी बसलेलं बरं."

वित्स्केला त्याची दया आली. इतकी, की टेबलावरून हात पुढे करून त्याचा हात धरावा असं वाटलं. पण दयेहून राग मोठा होता आणि तिने हात मांडीवरच ठेवला.

"सदतीस वर्षं त्या सीटवर मी बसले, सिब्रेन," ती म्हणाली. "मी पोतं होते का?"

बाहेर हार्मचा ट्रॅक्टर अजून तसाच उभा होता. कॅरव्हॅन परत न्यायची की ठेवायची ते न कळून हार्म फाटकाशी घुटमळत होता. सिब्रेनने मान पुरती डावीकडे वळवली, बायको नजरेत येईपर्यंत वळवली, आणि तिच्याकडे बघत राहिला.

"नव्हतीस," तो म्हणाला.

"मग?"

"सोमवारी कचेरीत गर्दी असते. मंगळवारी जाऊ. पण तिथवर नेणार कोण? मला बंदी. तुझं लायसन्स साधं आणि कागदावर अजून ती पंधराशेचीच आहे. चाळीस किलो जास्त ते जास्तच."

"जाताना आपली गाडी हार्म चालवेल, त्याच्याकडे मोठं लायसन्स आहे."

"आणि येताना?"

"येताना मी," वित्स्के म्हणाली. "आणि तू माझ्या शेजारी बसायचंस."