रंगूबाईची खंडी

पाखरांची नोंद ठेवणाऱ्या पुण्याच्या साहेबांनी फाल्गुनातच सांगून ठेवलं होतं, "उत्तरेला परतणारी पाखरं कोरेगावच्या तळ्यावर उतरली की मोजून ठेव." रंगूबाई धनगरीण. तिनं मेंढरं मोजावीत तशीच पाखरं मोजली. वीस झाली की एक खंडी, अन् खंडीला एक खडा. लढाई संपल्यानंतरच्या त्या पहिल्या चैत्रात तळ्याकाठचा चिखल पाखरांनी पार झाकून गेला. एवढी तिनं उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

साहेब उगवले ते पाखरं उडून गेल्यावर. तिनं ओटीतले खडे त्यांच्यापुढं ओतले. तीनशे दहा भरले.

"म्हणजे सहा हजार दोनशे?" साहेब हसले. "बाई, एवढी कुठं असतात? सहाशे लिहितो."

रंगूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भर उन्हात डोळ्यांत तेल घालून मोजली, ती यासाठी?

"आवं सायेब, लढाईत पलटणीला खायला सरकारनं माजी मेंढरं नेली, तवा मी सांगितली तीच खंडी खरी धरली. तवा कोन बी हसलं न्हाई! आता कापून खायाला काय न्हाई, म्हनून माजी खंडी खोटी व्हय?"