चैतरामनं दिलेला शब्द

"मॅडम, थांबा जरा," चैतराम म्हणाला, आणि हे आपण बोललो यावर त्याचा स्वतःचाच विश्वास बसेना.

डॉक्टर अल्कांच्या हातात कवटीला छिद्र पाडायचं ड्रिल होतं. भोवती बाहेरगावाहून शिकायला आलेले तरुण सर्जन. सकाळी टेबलावरच्या याच देहावर त्यांनी मणक्याचं काम गिरवलं होतं, आता मेंदूची पाळी होती. दान आलेले देह गाडीतून आणायचे, धुऊनपुसून टेबलावर घ्यायचे, हे चैतरामचं काम. बोलणं त्याच्या कामात बसत नव्हतं.

"काय झालं?"

"याचं डोकं उघडू नका. मी शब्द देला हाये. याच्या बायकोले."

मग सगळं बाहेर पडलं. चिचगडच्या सेवकरामनं जिवंतपणीच देहदान ठरवून ठेवलं होतं. तो गेला तेव्हा चैतराम गाडी घेऊन पोहोचला, तर अंगणात भांडण पेटलेलं. मयताचा थोरला भाऊ केशोराव दारात आडवा उभा. सेवकरामची बायको अंजना तेवढी नवऱ्याच्या बाजूनं झुंजत होती, पण तिचंही मन एका जागी अडलं. "डोक्याले हात नाई लावणार ना, भाऊ?" तिनं विचारलं. खरं बोललो तर गाडी रिकामी परतेल, हे दिसत होतं. आणि हा शहाणा चैतराम म्हणून बसला, "नाई लावणार, वैनी."

"तू कोण रे शब्द देणारा?" मॅडमचा आवाज चढला. "कोहमाऱ्याच्या हायवेवरून अपघातात डोकं फुटलेली पोरं येतात. नागपूरला धाडतो, तर वाटेतच जातात. ह्या डॉक्टरांनी शिकायचं कुठं?"

चैतरामला हे सगळं पटत होतं, हीच तर पंचाईत होती. नोकरी गेली तर गेली, असं मनाशी म्हणून तो टेबलापासून हलला नाही.

मॅडमनी ड्रिल खाली ठेवलं. "लाव तिला फोन. तूच सांग."

फोन स्पीकरवर होता. त्यानं अडखळत सांगितलं. पलीकडून कोंबड्यांचा आवाज येत होता.

"म्हंजे तुमी मले खोटं बोलले," अंजना म्हणाली.

"हो, वैनी."

"तुमच्या शब्दावर मी केशोराव भासऱ्याशी भांडली. थे आता माह्या दारात येत नाई."

चैतरामला मान वर करवेना. "तुमी नाई म्हना. कोनी हात नाई लावणार," तो म्हणाला आणि त्यानं मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी होकाराची मान हलवली.

"पर कायले उघडून राहिले?"

मॅडम पुढं झाल्या. हायवेवरच्या पोरांचं सांगितलं, लागट न बोलता, जसं आहे तसं. "तुम्ही नाही म्हणालात तर आम्ही इथंच थांबू, बाई."

चैतरामनं फोन जवळ ओढला.

"त्याइचा जीव गेला तवा डोकं माह्या मांडीवर होतं," अंजना म्हणाली. "म्हून मन होत नवतं. उघडा आता. पर भाऊ, डोकं तुमी धरून रावा."

डोकं पकडायला टेबलावर लोखंडी क्लॅम्प घट्ट बसवलेला होता, माणसाच्या हाताची काहीच गरज नव्हती. मॅडमनी एका सर्जनला बाजूला सरकायला सांगितलं. चैतरामनं हातमोजे चढवले आणि दोन्ही तळवे सेवकरामच्या डोक्याखाली सरकवले.

"धरलं, वैनी," तो म्हणाला.