हात पोचत नाही तिथं

टोपणाच्या डोक्यावर ते बारीक टोक होतं, मलमाच्या नव्या ट्यूबचं तोंड फोडायचं. खिशात हात घालून ती ते अंगठ्याने चाचपत होती. टोचत होतं, तरी बोट बाजूला घ्यावंसं वाटत नव्हतं. समोर लॉन्ड्रीतल्या वाफेच्या प्रेसमधून चादरी येत होत्या, एकीमागून एक, कडक, गरम, आणि रबरी एप्रनच्या पट्ट्याखाली पाठीवरचं ते लाल कडं पुन्हा जागं होत होतं... जुन्या ट्यूबलाही असंच टोक होतं. तिचं तोंड वन्संनी फोडलं होतं — चष्मा कपाळावर सरकवून, ट्यूब दिव्याखाली धरून. "बैस, पाठ कर इकडे. लोकांचा काट्याचा नायटा होतो, तू थेट नायट्यापासूनच सुरुवात केलीस." त्या घरात कितीतरी दिवसांनी कुणी हसलं होतं, आणि हसणाऱ्या दोघी नणंद-भावजय होत्या.

नवरा होता तेव्हा वन्सं आपल्या भावाशी बोलायच्या, ती आपल्या नवऱ्याशी बोलायची, आणि दोघींचं एकमेकींशी जे काही असायचं ते त्याच्यावरून जायचं-यायचं. तो गेला आणि घर गप्प झालं. भांडण म्हणावं तर तेही नाही. एकीने भाजी चिरायची, दुसरीने फोडणीला टाकायची, आणि दोन दारं दोन बाजूंना लागायची. मग हे कडं उठलं, नेमकं अशा जागी की हात वरून घाला की खालून, पोचत नाही. दाराच्या चौकटीला पाठ घासताना वन्संनी तिला पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानातून ती ट्यूब घेऊन आल्या.

तेव्हापासून रोज संध्याकाळी ती स्टुलावर बसायची आणि वन्संचं बोट पाठीवर फिरायचं. जन्मभर शाळेत शिवण शिकवलेलं बोट, सुईने टोचून टोचून खरखरीत झालेलं. वन्सं जोर लावून चोळायच्या आणि बोलायच्या — बाजारातलं, शेजारचं, मग हळूच भावाचं. लहानपणी तो बटणं गिळायचा म्हणून त्या डबा लपवून ठेवायच्या, ते. तोंडासमोर हे त्यांना कधीच बोलता आलं नसतं. पाठीशी बोलता येत होतं. आणि ती... खाज थांबायची ते सुख वेगळं, पण खरं सांगायचं तर खाज नसती तरी ती त्या स्टुलावर जाऊन बसली असती.

आज जेवणाच्या सुट्टीत दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी ती ट्यूब उलटीसुलटी करून बघितली. "ही कुणी दिली?"

"दुकानातून घेतली."

"यात खाज दाबणारं स्टेरॉइड आहे. लाली जाते, तुम्हाला वाटतं बरं झालं, आणि आत बुरशी खुशाल पसरते. वर कातडी पातळ होते ते वेगळंच. ही आता बंद." मग नवी कशी लावायची ते सांगितलं: जागा धुऊन कोरडी करायची, पातळ थर द्यायचा, कडेच्या बाहेर दोन बोटं, चोळायचं नाही, डाग गेला म्हणून मध्येच सोडायचं नाही, त्या सांगतील तेव्हाच थांबायचं. "पहिले काही दिवस खाज वाढल्यासारखी वाटेल, घाबरू नका. फोड आले, आग झाली तर मात्र लगेच या. टॉवेल वेगळा. लावून कोण देतं? त्यांना म्हणावं हातमोजा घाला, नंतर हात साबणाने धुवा."

लावून कोण देतं! पुढची चादर तिने इतकी ओढून धरली की पलीकडची बाई म्हणाली, अगं, फाडतेस की काय. कुठल्या तोंडाने सांगायचं वन्संना, की तुम्ही माया केलीत आणि त्या मायेनंच बिघडलं? आपलेच दात, आपलेच ओठ. त्या रागावणार नाहीत, तेच तर वाईट. त्या फक्त आपलं दार लावून घेतील. मग तिच्या मनाने एक पळवाट काढलीसुद्धा — सकाळी चमच्याच्या दांड्याने कसंबसं नवं लावायचं, संध्याकाळी वन्संचं चालू द्यायचं, कुणाला कळतंय... काही दिवस. थोडेच दिवस.

आणि तेवढ्यात तिला काल रात्रीचं ताट आठवलं. ताट वाढताना वन्संनी मनगट ताटाच्या कडेला घासलं होतं, दोनदा, आणि बाही खाली ओढली होती.

ती घरी पोचली तेव्हा स्टूल मांडलेलं होतं. वन्संच्या हातात जुनी ट्यूब होती, टोपण काढलेली.

"वन्सं, ते नको. डॉक्टरीणबाईंनी दुसरं दिलंय."

"का? ह्यानं तर उतार पडला होता."

तिने सांगितलं. जमेल तितकं मऊ करून सांगितलं, पण गोष्टच मऊ नव्हती. वन्संनी टोपण फिरवून फिरवून घट्ट लावलं.

"म्हणजे मीच वाढवलं."

"दुकानदारानं दिलं, आपण लावलं. दोघींनी. हात बघू तुमचा."

"साबणानं झालंय ते."

तिने मनगट धरून दिव्याखाली नेलं. इतक्या वर्षांत तिने वन्संचा हात असा कधी धरला नव्हता. हाडं किती बारीक होती. लहानसं लाल वर्तुळ, कडेला उठलेलं. "उद्या दाखवून येऊ. तोवर माझं औषध तुम्हाला नाही लावायचं, त्या बघून देतील ते. आणि टॉवेल वेगळे करू."

वेगळे हा शब्द खोलीत नको तितका मोठा झाला. वन्संनी हात सोडवून घेतला.

"तुझं आता तूच लावशील, नाही का."

"हात पोचत नाही," ती म्हणाली. पोचला असता तरी ती हेच म्हणाली असती.

लॉन्ड्रीतून आणलेला हातमोजा वन्संनी घातला, बराच वेळ लावून. नव्या ट्यूबचं तोंड फुटल्याचा बारीक आवाज झाला. मग पाठीवर काहीतरी गार, गुळगुळीत, परकं टेकलं. ते खरखरीत बोट नव्हतं. चोळणं नव्हतं. कडेच्या बाहेरून, हलक्या हाताने, शिवणीची रेघ आखावी तसं ते फिरत होतं, आणि वन्सं गप्प होत्या. दुखावल्या असतील... की चुकू नये म्हणून श्वास धरून बसल्या असतील? पाठीला डोळे नसतात. सांगितल्याप्रमाणे खाज आत्ताच वाढू लागली होती, आणि तिला वाटलं, ही शांतता आपण आता अशीच राहू दिली तर ती पुन्हा भिंतीसारखी उभी राहील.

"वन्सं," समोरच्या भिंतीकडे बघत ती म्हणाली, "ह्यांनी शेवटच्या दिवसांत तुमची शिवणाची कात्री मागून घेतली होती, कशाला ते मी तुम्हाला कधी सांगितलंच नाही..."

पाठीवरचं बोट थांबलं. उचललं मात्र गेलं नाही. त्याने आपल्या शर्टाचं एक बटण कापून बहिणीसाठी ठेवायला दिलं होतं, ते आता कसं सांगायचं हे तिला ठाऊक नव्हतं. पाठ ताठ करून ती बसून राहिली, आणि बोलायला घाबरत होती ती आपण, वन्सं नव्हे, हे तिला आत्ता कळत होतं.