दोन काड्यांची लावणी

"काकी, मदी ह्यो तरवो कोणी लावल्यान?"

कृषी सहायक रविकांत बांधावरच थबकला. परवा त्याने स्वतः दोरी धरून, वीतवीत अंतरावर रोपांच्या दोन-दोन काड्या लावून घेतलेला आनंदीबाईचा कुणगा, भाताचा छोटा तुकडा, आज गच्च भरला होता. मोकळ्या जागेत कुणीतरी तरव्याची मूठमूठ रोपं खोचली होती.

अकरा वर्षं तो धामापूरच्या आसपास तेच सांगत हिंडत होता. पाऊस आता भरवशाचा राहिला नाही, मध्येच पंधरा दिवस दडी मारतो; विरळ लावा, मुळं खोल जातील, ताण सोसतील. लोक ऐकत, चहा पाजत आणि वाडवडलांसारखीच दाटी करत. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय! मग कसालच्या भाड्याच्या खोलीत एकट्यापुरता भात शिजवायचा, की संपला दिवस. यंदा पहिल्यांदा कुणी हो म्हणालं होतं, ती ही आनंदीबाई. मुलगा मुंबईला, हाताखाली कोणी नाही; दोन काड्यांत भागलं तर तिला हवंच होतं. कापणीला अख्ख्या वाडीला इथे आणून दाखवायचं, हे त्याने मनाशी पक्कं धरलं होतं.

"काल शेजारची सुगंधा इली, चार बायलो घेवन," आनंदीबाई म्हणाली. "तेंका वाटला, माका तरवो पुराक नाय. आपलो उरलेलो घेवन इल्यो बिचाऱ्यो."

"तुमी सांगूक नाय तेंका?"

ती पदराला हात पुसत राहिली.

"तोंडार इला होता, सायबानू. पण माज्यान कोणाच्या लावणीक जावक होणा नाय, मगे माज्या कुणग्यात कोण उतरतलो? घोव गेल्याक सात वर्सा झाली. काल गाणी म्हटल्यानी, माज्या हातची भाकरी खाल्ल्यानी. काय सांगतलंय तेंका?"

रविकांतला रडूच येईलसं वाटलं. मधली रोपं अजून रुजली नव्हती. उपटायची म्हटली तर दोन तासांचं काम.

तिने ते ओळखलं. "उपटा व्हयी तर. मी शबूद दिलंय तुमका."

तो चिखलात उतरला, वाकला, एक मूठ धरली. ती बांधावरून बघत होती. मूठ जराशी कलली होती. त्याने ती अंगठ्याने नीट दाबली आणि वर आला.

"आता खंय?" तिने विचारलं.

"वरच्या वाडीक," पाय धूत तो म्हणाला. "लावणी विरळ करा म्हणान सांगाक."