सतरावी जागा

त्या रांगेत एकतीस कबरी होत्या. मी दोनदा मोजल्या, एकदा फाटकाकडून भिंतीकडे आणि एकदा भिंतीकडून फाटकाकडे. अठ्ठावीस कबरींवर उभे क्रूस होते: एकोणीस सिमेंटचे, सहा दगडी, तीन लोखंडी. उरलेल्या तिन्हींवर नुसत्या आडव्या फरश्या होत्या. लोखंडी क्रुसांपैकी एकाला गंज चढला होता. तुटलेला एकही नव्हता.

ही गोष्ट १९८२च्या जानेवारीतली. शहर कराची. मी शोधत होते ती जागा तिसऱ्या रांगेत, फाटकाकडून सतरावी होती. तिथेही कबर होती, क्रूस होता, कोणीतरी वाहिलेली झेंडूची फुलंही होती. फक्त नाव आमच्या आतोबांचं नव्हतं. १९५९ साली वारलेल्या एका बाईचं होतं.

वसईजवळच्या भुईगावात आमचं घर आणि जुलियाना आत्याची खोली एकाच अंगणात आहे. आत्या माझ्या वडिलांची, ॲन्सेल्मची, धाकटी बहीण. आमच्या पट्ट्यातली विड्याची पानं पूर्वी कराचीला जात. आत्याचे यजमान जॉन पानांच्या करंड्यांबरोबर आगबोटीने जायचे आणि माल उतरवून, गिऱ्हाइकांशी बोलून परत यायचे. १९४७च्या फेब्रुवारीत ते तिथेच विषमज्वराने गेले. तार आली तेव्हा त्यांना पुरून तीन दिवस झाले होते. आत्या चोवीस वर्षांची होती. ती माहेरी परत आली. त्याच वर्षी देशाची वाटणी झाली आणि कबर पलीकडे राहिली.

कराचीतली ख्रिस्ती दफनभूमी त्या लोकांनी सपाट केली, क्रूस फोडून टाकले, असं आमच्याकडे १९५८पासून सगळ्यांना माहीत होतं. बाबांना तसं पत्र आलं होतं. घरात इंग्रजी वाचता येणारे तेव्हा ते एकटेच. तेव्हापासून रोज संध्याकाळी रोजरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, संपली की आत्या स्वतःची एक प्रार्थना जोडायची: ज्या हातांनी जॉनचा क्रूस फोडला त्या हातांना मूठभर माती मिळू नये. आम्ही मुलं आमेन म्हणायचो. लढाईच्या दिवसांत शेजारच्या क्लेमेंटीनबाई आत्याजवळ येऊन बसायच्या आणि आल्यागेल्याला सांगायच्या की हिच्या माणसाला तर त्यांनी मेल्यावरसुद्धा सोडलं नाही. पासष्ट साली तेच, एकाहत्तर साली तेच.

कराचीला जाण्याच्या दोन वर्षं आधी आत्याच्या पेटीत मला एक जुनं पाकीट सापडलं. आतोबा कराचीत ज्या घरी उतरायचे तिथला पत्ता त्यावर होता. मी रसायनशास्त्राची पदवी घेऊन वसईच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले होते, आणि जे तपासता येतं ते तपासलेलं बरं असं मला वाटायचं. मी त्या पत्त्यावर लिहिलं. सात आठवड्यांनी उत्तर आलं. घरमालकीण डेल्फिनबाई वारल्या होत्या. लिहिणारे त्यांचे चिरंजीव आग्नेल होते. दफनभूमी होती तिथेच आहे, आम्ही दर नोव्हेंबरला जातो, सपाट केली म्हणजे काय ते कळलं नाही, असं त्यांनी लिहिलं होतं.

मी ते आत्याला वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, तिथे राहून तो खरं लिहील का? दोन दिवसांनी नळावर कळशी भरता भरता आत्या मला म्हणाली, "तू जाऊन ये. तू मोजून येशील."

तिला कबरीवरची माती हवी होती, स्वतःच्या शवपेटीत ठेवायला. आमच्या चर्चची दफनभूमी लहान आहे. जागा पाळीपाळीने वापरतात. पाचेक वर्षं झाली की कबर उकरायची, हाडं कोपऱ्यातल्या खड्ड्यात टाकायची आणि जागा पुढच्या माणसाला द्यायची. त्यात कोणाला काही वाटत नाही. माझे आजोबा ज्या जागेत होते तिथेच नंतर आजी होती आणि त्यांच्याआधी कोण कोण होतं ते फादरांच्या वहीत बघावं लागेल. आत्याला हे ठाऊक होतं. आपल्याला जी पाच वर्षं मिळतील ती जॉनच्या मातीसोबत मिळावीत, एवढंच तिचं म्हणणं होतं.

आग्नेल अंकलनी निमंत्रणाचं पत्र पाठवलं आणि व्हिसा मिळायला अकरा महिने लागले. कराची आणि ठठ्ठा अशा दोनच ठिकाणांचा. ठठ्ठा मी मागून घेतलं होतं. तिथे मकलीच्या टेकडीवर चार-पाचशे वर्षांपूर्वीच्या कबरींचं मोठं क्षेत्र आहे, असं मी वाचलं होतं. निघण्याआधी लोकांनी मला जे जे सांगितलं ते मी वहीत एकाखाली एक लिहून काढलं. सात गोष्टी झाल्या. तिथे चर्चमध्ये घंटा वाजवू देत नाहीत. बाई एकटी रस्त्यावर दिसली की अडवतात. इंडियाचं नाव काढलं की दुकानदार माल देत नाही. पोलीस पाठीवर असतात. जुनी देवळं, मूर्ती, कोरीव काम, काही शिल्लक ठेवलेलं नाही. पाणी खारट. सातवी गोष्ट क्रुसांची. प्रत्येकीपुढे मी चौकोन आखला.

विमान दीड तासात पोहोचलं. पहिल्या रविवारी सकाळी सव्वासहाला चर्चची घंटा वाजली. दुकानदाराने, मुंबईहून आले म्हटल्यावर, माल दिला आणि त्याच्या आजोळच्या भेंडीबाजाराबद्दल इतकं विचारलं की मला उशीर झाला. रस्त्यावर अडवलं कोणी नाही; टक लावून पाहणारे होते, तेवढे वसई स्टेशनबाहेरही असतात. पोलीस ठाण्यात मात्र आल्याची नोंद करावी लागली आणि एक साध्या कपड्यातला माणूस दोनदा आग्नेल अंकलकडे चौकशी करून गेला. चौथ्या चौकोनात मी बरोबरची खूण केली. पाणी गोडं होतं.

ठठ्ठ्याला अंकलच्या मुलीने, कार्मिनने, नेलं. मकलीची टेकडी मैलोनमैल पसरलेली आहे आणि तिच्यावर नजर जाईल तिथे दगडी कबरी. मी एका कबरीच्या बाजूचं कोरीवकाम पट्टीने मोजलं. कमळाची फुलं, बारा पाकळ्यांची, प्रत्येक सव्वा इंच खोल. आमच्या वसईच्या किल्ल्यातल्या दगडी दारांवर असं खोल काम मी पाहिलेलं नाही. तिथला चौकीदार म्हातारा होता. मी कुठून आले ते कळल्यावर त्याने जवळ येऊन विचारलं, तुमच्याकडे एखादी तरी मशीद उरली आहे का? मी म्हटलं, पुष्कळ आहेत. वसईत किती, असं त्याने विचारलं. मला सांगता आलं नाही. एवढी वर्षं त्यांच्यावरून जात होते, पण मोजल्या नव्हत्या. त्याने मान हलवली. मी त्याच्या समाधानासाठी बोलते आहे असं त्याला वाटलं असावं.

संध्याकाळपर्यंत सातपैकी पाच चौकोनांत फुल्या पडल्या होत्या. सातवा उरला होता.

दफनभूमीचा कारकून पंजाबी ख्रिस्ती होता, डोळ्यांवर जाड चष्मा. नाव आणि साल सांगितल्यावर त्याने पाच मिनिटांत वही काढली. रांग तीन, क्रमांक सतरा. नोंदीपुढे लाल शाईत दोन ओळी होत्या आणि पाठीमागच्या फाईलमध्ये दोन पत्रं टाचलेली होती.

मी त्याला विचारलं, इथे कबरी उकरतात का? तो म्हणाला, नाही, इथे जागा आहे. १९५८ साली सगळ्या बाहेरगावच्या कुटुंबांना पत्रं गेली होती, कबरींची देखरेख कोणी करणार आहे का, एवढंच विचारायला. तुमच्याकडून उत्तर आलं की हाडं काढा, जागा दुसऱ्याला द्या. आम्हाला ते चुकून लिहिलंय असं वाटलं, म्हणून पुन्हा विचारलं. पुन्हा तेच आलं. मग तो म्हणाला, "आम्ही म्हटलं, हिंदुस्थानात राहून ह्यांचंही असं झालं असेल. तिकडे मेलेल्यांचं काही ठेवतच नाहीत म्हणे."

दोन्ही पत्रांखाली बाबांची सही होती. अक्षर मी ओळखलं. माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर दहा वर्षं तीच सही होती.

हाडं कुठे ठेवली ते कारकुनाने दाखवलं. उत्तरेच्या भिंतीजवळ एक खड्डा होता, वर सिमेंटचं झाकण. खास त्या एका कामासाठी तो खणला होता. नंतर रस्ता रुंद करताना निघालेल्या काही जुन्या कबरींतली हाडंही त्यातच गेली. किती माणसांची, ते त्याला सांगता येईना. झाकण उघडायची परवानगी नव्हती. मी काठालगतची माती चार इंच खोलीवरून घेतली आणि ॲल्युमिनियमच्या डबीत भरली.

परत आले तेव्हा बाबा वाडीत केळींना सुक्या मासळीचं खत घालत होते. बाबा रिटायर झाल्यापासून वाडीतच असतात. मी त्यांना फाईलमधली तारीख सांगितली. त्यांनी टोपली खाली ठेवली.

"आपल्याकडे पाच वर्षांनी काढतात," ते म्हणाले. "त्यांनी अकरा वर्षं ठेवली. मला वाटलं, बरीच कळ काढली बिचाऱ्यांनी. लिहून टाकलं, आपल्या रीतीप्रमाणे करा म्हणून."

"आणि दुसरं पत्र?"

"ऑफिसात होतो. तिथल्या तिथे उत्तर टाकलं. दहा कागदांतला एक."

पुढचं त्यांनी खताच्या टोपलीकडे बघत सांगितलं. आत्याने पोस्टमनच्या हातात परदेशी तिकीट पाहिलं होतं. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, दफनभूमीतून घरी येताना तिने चारचौघांत विचारलं, जॉनच्या कबरीचं काय कळलं? तुझ्या माणसाची हाडं मी काढायला सांगितली, हे त्यांना बोलवेना. त्यांनी म्हटलं, त्या लोकांनी सगळं सपाट केलं.

"मला वाटलं, कोणीतरी विचारेल. कधी, कोणी केलं, पत्र दाखव. विचारलं असतं तर मी तिथेच सांगून टाकलं असतं. पण एकानेही दुसरा प्रश्न विचारला नाही, इनेझ. फादरांनीसुद्धा नाही. पुढच्या रविवारी त्यांनी ते प्रवचनात घेतलं."

मग त्यांनी मला विचारलं की आत्याला काय सांगणार आहेस. मी म्हटलं, जे मोजलं ते. त्यांनी टोपली उचलून पुढच्या केळीपाशी नेली. मग म्हणाले, "सपाट केलं असंच राहू दे ना. तिकडच्यांना काय फरक पडतो? तसंही सगळे त्यांना तेच म्हणतात."

आत्या दुपारी ओसरीवर उन्हात वाळवायच्या सुकेळ्यांसाठी राजेळी केळी सोलत बसली होती. मी वही उघडून पहिल्यापासून सांगितलं: एकतीस कबरी, अठ्ठावीस क्रूस, रांग, क्रमांक, दोन पत्रं, सही, खड्डा. तिचे हात थांबले नाहीत. सगळं सांगून झाल्यावर तिने एकच विचारलं.

"त्यांनी विचारलं होतं?"

"दोनदा."

तिने सोललेलं केळं चटईवर ठेवलं, सरळ केलं. "मी त्यांना रोज शिव्याशाप दिले," ती म्हणाली. "देवासमोर बसून. तुम्हा पोरांकडून आमेन म्हणवून घेतलं."

मी मनात वर्षं आणि दिवसांचा गुणाकार केला. आठ हजार चारशेच्या वर आकडा जात होता.

तिने डबी मागितली, झाकण काढलं आणि वास घेतला. "ह्यात तो आहे का?"

मी खरं ते सांगितलं. खड्ड्यात अनेकांची हाडं आहेत, आणि ही माती आतली नाही, काठाची आहे. हाडं विरतात तेव्हा मातीत फॉस्फेट नावाची वस्तू उतरते. माणूस कोण होता ते त्यावरून कळत नाही. पण हाडांतलं काही ह्या मातीपर्यंत पोहोचलं असेल तर फॉस्फेट साध्या मातीपेक्षा बरंच जास्त निघेल. ते प्रयोगशाळेत मोजता येतं.

"मोज," आत्या म्हणाली. "जास्त निघालं तर माझ्यासोबत ठेवा. नाहीतर उगाच परक्याच्या अंगणातली धूळ कशाला नेऊ." मी उठले तेव्हा तिने मला थांबवलं. "आपल्या वाडीतलीपण घे थोडी. नाहीतर जास्त म्हणजे कशापेक्षा?"

त्या संध्याकाळी रोजरी संपल्यावर बाबा नेहमीसारखे हात जोडून थांबले. आत्याने प्रार्थना जोडली नाही. ती उठली, स्वतःची खुर्ची घडी करून खोलीत घेऊन गेली आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून तिने रोजरी आत म्हणायला सुरुवात केली. बाबा अंगणात म्हणायचे. दोन्ही आवाज एकमेकांच्या अर्धी ओळ मागेपुढे ऐकू यायचे. क्लेमेंटीनबाईंना बाबांनी काही सांगितलं नाही आणि आत्यानेही नाही. त्या अजून पूर्वीचीच गोष्ट सांगतात. मी एकदा त्यांना खरं काय ते सांगायला गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, तुला त्यांनी हवं तेच दाखवलं असणार, पोरी.

९ फेब्रुवारीला कॉलेज सुटल्यावर मी दोन्ही नमुने वाळवले, चाळले आणि प्रत्येक नमुन्याची तीन वेळा चाचणी घेतली. तिन्ही वेळचे आकडे जवळजवळ सारखे आले. सरासरी अशी:

कराची, खड्ड्याच्या काठची माती: फॉस्फेट ०.३९ टक्के.

भुईगाव, आमची वाडी, केळींखालची माती (मासळीच्या काट्यांचं खत घातलेली): फॉस्फेट ०.४१ टक्के.