चावी नसलेल्या पाच तोट्या

मित्रांनो, मी एक जुनी दगडी डोणी आहे. जवळ या, पाणी प्या, पण तुमच्या हाताला साबण नाही ना, ते आधी सांगा. रागावू नका. माझा स्वभावच संशयी आहे आणि तो उगाच तसा झालेला नाही. झऱ्याखाली दोनशे वर्षं बसून बघा, म्हणजे माणसं काय काय करतात ते तुम्हालाही कळेल.

माझं गाव लिपोव्याक. बोस्नियाच्या डोंगरात, मशिदीच्या जरा खाली आमचा झरा आहे. तो हस्नीयाबाईंच्या जमिनीत होता. त्यांनी तो वक्फ केला, म्हणजे अल्लाच्या नावानं सगळ्यांना देऊन टाकला. कागदावर अट अशी, की या पाण्याचा पहिला हक्क तहानलेल्या माणसाचा, मग जनावराचा, मग झाडाचा. ते कोणी विकायचं नाही आणि कोणी अडवायचंही नाही.

मला घडवलं देर्विश उस्तादांनी, एका अखंड दगडातून. मी घोड्याच्या तोंडाला येईन एवढी उंच. ओसंडलेलं पाणी खालच्या प्लमच्या बागेत जावं म्हणून एका टोकाला खाच. सगळं झाल्यावर उस्तादांनी माझ्या एका कडेला छिन्नी घालून मोठा खळगा पाडला. हस्नीयाबाई घाबरल्या.

"उस्ताद, डोणी फुटली की काय?"

"नाही बाई, हे कुत्र्यामांजरांसाठी. त्यांचं तोंड वरपर्यंत पोचत नाही. आणि तहान लागली म्हणून ती काही एफेंदींकडे तक्रार घेऊन जायची नाहीत."

एफेंदी म्हणजे आमचे इमाम. सुरुवातीची वर्षं फार मानाची गेली. लाकडं लादलेले घोडे माझ्यापाशी थांबत, वऱ्हाडं थांबत, आणि म्हातारे माझ्या पाठीवर हात ठेवून हस्नीयाबाईंसाठी दुवा मागत. मग दिवस बदलले. ईदच्या आधी बायका माझ्यात गालिचे धुऊ लागल्या. गालिचा निघायचा लख्ख आणि माझ्या पोटात आठवडाभर फेस. एकानं तर माझ्या पाण्यानं मोटार धुतली आणि वर मला म्हणाला, काय गोड पाणी आहे. तेव्हापासून कोणी गोड बोललं की मी सावध होते.

म्हणून झुल्फो टेप घेऊन आला तेव्हा मला पहिल्याच क्षणी शंका आली. झुल्फो आमच्याच गावचा. वीस वर्षं ऑस्ट्रियात गवंडीकाम करून चार पैसे बाळगून होता आणि उन्हाळ्यात घरी आला होता. त्याची आई नुरा हिवाळ्यात वारली, आणि पोराला मातीलाही येता आलं नाही. ते त्याला फार लागलं होतं. आमच्याकडे मेलेल्या माणसाच्या नावानं पाणपोई बांधतात. जो जो तिथे पाणी पितो, त्याचं पुण्य त्या जिवाला पोचतं. झुल्फोला आईसाठी अशी पाणपोई बांधायची होती. यात वाईट ते काय, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणत होते, पण त्यानं माझे चारी बाजूंनी फोटो काढले. दगडाचे फोटो कोण कशाला काढतं?

चारच दिवसांत कळलं. त्यानं मला साखळीनं ओढून कुंपणाला लावलं. माझ्यात पेटुनियाची फुलं लावून मला त्याच्या दारात ठेवायचं ठरलं होतं. माझ्या जागी पांढऱ्या संगमरवराची भिंत उभी राहिली. मागे टाकी, पुढे पाच पितळी तोट्या, आणि एकीलाही चावी नाही. खाली लोखंडी जाळी, जाळीखालून नळ, आणि नळातून पाणी थेट रस्त्याच्या गटारात.

मिस्त्रीनं विचारलंही, "झुल्फो, चाव्या बसवायच्या राहिल्या."

"राहिल्या नाहीत, नकोच आहेत. पाणी थांबलं की आईचं पुण्य थांबलं. रात्रंदिवस वाहू दे."

त्याचा हिशेब त्याच्यापुरता सरळ होता. आणि खरं सांगू, गावातल्या बऱ्याच जणांना तो पटलाही.

मला खरा संशय होता तो सेनाईद एफेंदींचा. जुम्म्याला पाण्यावर, झाडांवर बोलणारा हा माणूस रोज दुपारी झुल्फोच्या अंगणात कॉफी प्यायला जाऊन बसायचा आणि भिंत बघून एक शब्द बोलायचा नाही. मशिदीला नवा गालिचा मिळणार असेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं. मग बसले कुंपणापाशी कोरडी, मनातल्या मनात त्यांना बोल लावत.

त्या वर्षी जुलैभर पाऊस नव्हता. टाकी भरायला सवडच मिळेना. पाच तोट्यांतून पाच दोरे लोंबावेत तसं पाणी यायचं आणि जाळीत गडप व्हायचं. एक बादली भरायला नमाज होऊन जायची. खालच्या बागेतले प्लम हिरवेच गळू लागले. आणि सगळ्यांत हाल झाले ते रसेमा मावशींच्या लीसाचे.

रसेमा मावशी विधवा, कमरेनं अधू. लीसा ही त्यांची म्हातारी घोडी. तीच जंगलातून लाकडं आणायची, आणि घरात बोलायलाही तीच. लीसाला त्या जाळीवर पाय ठेवता येईना, खूर घसरायचा. नदीची उतरण तिच्या गुडघ्याला झेपत नव्हती आणि बादल्या वाहणं मावशींच्या कमरेला. तिसऱ्या आठवड्यात मावशींनी खाटकाला निरोप धाडला की सोमवारी येऊन घोडी घेऊन जा. हे त्या शेजारणीला माझ्या पाठीवर बसून सांगत होत्या. रडत नव्हत्या, नुसतं पदरासारखं रुमालाचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मला फार वाईट वाटलं.

त्याच आठवड्यात शुक्रवारी पाणपोईचं उद्घाटन होतं. नमाज सुटली, हलव्याची ताटं आली, सगळा गाव जमला. झुल्फो नव्या कोटात उभा. एफेंदी दुवा म्हणायला पुढे आले आणि म्हणाले, आधी वजू करतो, हातपाय धुतो. त्यांनी खिशातून एक टिनाचा पेला काढला, एका तोटीखाली शांतपणे भरला आणि तेवढ्यात हात, तोंड, पाय सगळं उरकलं. मग दुसऱ्या खिशातून दाणे काढलेली मक्याची चार कणसं काढली आणि एकेक करून चार तोट्यांत ठोकून बसवली. पूर्ण तयारीनं आले होते, लबाड.

झुल्फोचा चेहरा लाल झाला. "एफेंदी, हे काय चालवलंय? माझ्या आईचं पुण्य बुजवताय तुम्ही."

"तीन आठवडे तुझी कॉफी पिऊन हेच सांगतोय बाबा. तू कॉफी पाजतोस, ऐकत मात्र नाहीस. वाहत्या नदीकाठी वजूला बसलास तरी पाणी वाया घालवू नको, असं पैगंबरांनी सांगितलंय. आपल्याकडे तर एवढासा झराच आहे."

"मी पाण्याला काही कमी केलं का? पाच तोट्या दिल्या."

"तोट्या कशाला मोजतोस? घसे मोज. आज किती घसे ओले झाले ते सांग."

तेवढ्यात कोणीतरी हसलं आणि सगळे रस्त्याकडे वळले. मावशींच्या हातून सुटून लीसा वळणावरच्या गटारात तोंड घालून उभी होती. जिथे झुल्फोचा नळ उघडत होता, तिथला काळा चिखल ती चोखत होती.

रसेमा मावशी लंगडत तिच्याकडे निघाल्या. जाताना झुल्फोपाशी थांबल्या. "तुझी आई हिवाळ्यात चिमण्यांसाठी त्या डोणीतला बर्फ फोडायची, विसरलास वाटतं. ऑस्ट्रियात बर्फ वेगळा असेल."

झुल्फो हलव्याला हात न लावता घरी गेला. लोक म्हणाले, आता कणसं उपटून टाकेल. मलाही तेच वाटलं.

रविवारी सकाळी तो ट्रॅक्टर घेऊन आला. साखळी माझ्या अंगाभोवती आवळली तेव्हा माझी खात्रीच पटली. आता पेटुनिया, आता शेणखत, आणि उरलेलं आयुष्य येणाऱ्याजाणाऱ्यांचे फोटो. मी त्याला मनात नको नको ते बोलले. ट्रॅक्टर हलला आणि त्याच्या घराच्या उतरणीकडे वळायचा तो पाणपोईकडे वळला. त्यानं जाळी उखडली, मला मधल्या तोटीखाली बसवलं, खालून पाचर मारून सरळ केलं. वाकला तेव्हा त्याचा घाम माझ्यात पडला. मग चार कणसं तपासून आणखी घट्ट ठोकली आणि एफेंदींना हाक मारून विचारलं, "घोडी प्यायली तर आईला मिळतं का?"

"पैगंबर सांगतात, एका पापी बाईनं तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजलं, तेवढ्यावर तिची सुटका झाली. तुझी आई तर पापीही नव्हती."

मी भरायला दुपार झाली. लीसा आली, आधी हुंगलं, तीही माझ्यासारखीच संशयी, आणि मग तिनं नाक बुडवलं. झुल्फो बाजूला उकिडवा बसून तिच्या मानेकडे बघत होता. प्रत्येक घोट खाली उतरताना दिसतो. तो ओठ हलवत ते घोट मोजत होता, आणि कितीपर्यंत पोचला कोण जाणे, पण मध्येच मोजणं सोडून त्यानं तोंड शर्टाच्या बाहीत खुपसलं आणि हुंदके देऊन रडला.

"मावशी," तो शेवटी म्हणाला, "उद्या तो खाटीक येईल, त्याला काय सांगायचं?"

"सांगायचं काय त्यात? घोडी पाणी पितेय, थांब म्हणावं."

सोमवारी तो खरंच आला. बराच वेळ थांबला आणि रिकामा दोर घेऊन परत गेला.

मित्रांनो, एफेंदींवर मी नाहक संशय घेतला, याची मला लाज वाटते. पण स्वभाव काही सुटत नाही, आणि सुटू नये असंही मला वाटतं. पाणी नासवणारा माणूस दिसायला दुष्ट नसतो. कधी ती घर स्वच्छ ठेवणारी बाई असते, कधी आईसाठी जीव तुटणारा मुलगा. म्हणून मला सगळ्यांवरच नजर ठेवावी लागते, तुमच्यावरसुद्धा. तुम्ही पोटभर प्या, माझी ना नाही. फक्त उठताना एकदा मागे वळून बघा, तुमच्या मागे कोण उभं आहे. आणि त्याला बोलता येत नसेल, तर जरा जास्त वेळ बघा.